खुंटीवरचं उपरणं

दाजीबा गेल्याची बातमी मेहकरच्या मोटारीतून उतरलेल्या एका दलालाने डोणगावात आणली. वर म्हणाला, "सोन्यासारखा माणूस गेला!" त्याचं तोंड तिथंच बंद करावंसं मला वाटलं. दाजीबाच्या अडतीच्या ओट्यावर कुणी पाय ठेवू नये म्हणून सगळ्या खरेदीदारांना यानेच बजावलं होतं.

आमच्या कापूस बाजाराची रीत जुनी. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हातात हात घालणार, बोटं दाबून भाव ठरवणार, आणि ज्याचा कापूस तो गाडीजवळ उभा राहून दोघांच्या तोंडाकडे पाहणार. मी दाजीबाचा अडतीतला भागीदार. मलाही त्यात वावगं वाटत नसे. एका सकाळी दाजीबाने मात्र खांद्यावरचं उपरणं काढून खुंटीला अडकवलं आणि उघडा हात पुढे केला. "झाकता काऊन? माल त्याचा हाये, तं भाव त्याले आयकू द्या."

बाजार आधी हसला, मग चिडला. दारात गाड्या उभ्या, पण बोली लावायला कुणी येईना. मी संतापून म्हणालो, "नागपूरचं सरकार उघड्या बोलीचा कायदा इथवर आणीन तवा आणीन. तू एकटा काऊन मरून राह्यला?" सुपारी कातरत तो म्हणाला, "मापाऱ्याले खरं तोल म्हणतो, अन् मीच हात झाकू?" पुढे शेतकऱ्यांनीच दुसऱ्या ओट्यावर माल उतरवायचं नाकारलं, तेव्हा हेच खरेदीदार नाक मुठीत धरून आले.

आणि दुखवट्याच्या सभेत हेच लोक सचोटीवर बोलले! गळे काढून बोलले. मी दातओठ खात ऐकत राहिलो.

पुढच्या बाजाराला दाजीबाचा मुलगा माधव गादीवर बसला. तो दलाल खरेदीदाराच्या वतीने आला, खुंटीवरचं उपरणं त्याने स्वतःच्या हाताने काढलं आणि आपल्या नि माधवच्या हातांवर टाकलं. "बापाची आठवण हाये, असू दे," म्हणाला. गाडीजवळचा शेतकरी दोघांच्या तोंडाकडे पाहू लागला. मी उपरणं खसकन ओढलं, "भाव बोला! मोठ्यानं बोला!" म्हणून ओरडलो...

माधवची बोटं दलालाच्या मुठीत होती. "काका, सौदा झाला," तो खाली मान घालून म्हणाला.

"झाला नाई," मी म्हणालो. "ज्याचा माल, त्यानं भाव आयकला नाई."

उपरणं मी परत खुंटीला अडकवलं. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी मी त्या खुंटीखालीच बसतो.