माझं ठेवा, त्याचं ठेवा

माझी नणंद खोटं बोलत नाही. ऐकायला छान वाटतं, पण अशा माणसाबरोबर एका घरात राहून बघा! मी लग्न होऊन आले आणि पहिल्यांदा स्वयंपाक केला, तेव्हा सगळे "मस्त, मस्त" म्हणत जेवले. ही तेवढी म्हणाली, "वहिनी, भाजीत मीठ दोनदा पडलंय." लहानपणी हिच्या हातून बशी फुटली, तर आईला कळायच्या आत ही तुकडे घेऊन हजर असायची म्हणे. तिचे दोघे भाऊ तिला 'पंच' म्हणतात. घरात सगळ्यात धाकटी, पण निकाल तिचाच.

पंचबाई प्रोग्रामर आहेत. खुर्चीवर मांडी ठोकून बसतात, एका हाताने शेंगदाणे आणि दुसऱ्या हाताने काम. तो कीबोर्ड उलटा करून झटकला तर एका माणसाचा नाश्ता सहज निघेल.

आमचा फर्निचरचा कारखाना आहे. माझा नवरा आणि माझा धाकटा दीर दोघे मिळून चालवतात, म्हणजे दोघे मिळून भांडतात. नवऱ्याला सगळं दणकट हवं, दिराला सगळं नाजूक. एकाच कपाटाचा आराखडा दोघे आपापल्या कॉम्प्युटरवर उघडणार, एक फळी जाड करणार, दुसरा बारीक. जो शेवटी सेव्ह करेल त्याचं राहायचं, आधीच्याची मेहनत पाण्यात. एकदा तर चौकट एकाच्या मापाने कापली गेली आणि दारं दुसऱ्याच्या. त्या दिवशी जी जुंपली ती थेट वाटणीवर गेली. यंत्रं कोणाची, सुतार कोणाकडे, सगळं बोलून झालं. आम्ही सगळे एकाच घरात राहतो. कारखाना फुटला की घरही फुटणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

तेव्हा पंचबाई मध्ये पडल्या. "वाटणी थांबवा, आधी मला काम करू द्या."

"काय करणार आहेस?" मी विचारलं.

"वहिनी, आराखडे काढणारं सॉफ्टवेअर एक. आणि आम्ही प्रोग्रामर वापरतो ते दुसरं. त्यात प्रत्येक फाइलच्या जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्या राहतात, कोणी काय बदललं तेही कळतं. पण या दोघांची एकमेकांशी ओळखदेख नाही."

"मग?"

"दोघांनीही बाहेरच्या प्रोग्रामसाठी एकेक खिडकी ठेवलीय. एपीआय म्हणतात. या खिडकीतून घ्यायचं, त्या खिडकीत द्यायचं. ते घेणं-देणं मी लिहिणार."

"म्हणजे मध्यस्थ!"

"चहा ठेव," ती म्हणाली.

काम झालं. आता कोणाचं काही पुसलं जात नव्हतं. दोघांनी एकच जागा बदलली, तर मागून सेव्ह करणाऱ्यापुढे दोन बटणं यायची: 'माझं ठेवा' आणि 'त्याचं ठेवा'.

पहिली पाळी दिराची आली. त्याने 'माझं' असं काही दाबलं की माऊस केकाटायचा बाकी राहिला. सकाळी नवऱ्याने आराखडा उघडला, तर त्याची जाड फळी जशीच्या तशी! गडी विरघळला. स्वतः चहा घेऊन दिराकडे गेला. "माझं ठेवलंस रे. मन मोठं आहे तुझं."

दिरानेही आराखडा पाहिला होता, आणि तो भांडायलाच निघाला होता. पण समोरचा चहा घेऊन आभार मानतोय म्हटल्यावर "मी नाही ठेवलं" असं कुठल्या तोंडाने म्हणणार? प्यायला मुकाट्याने. पुढच्या वेळी लाजेकाजेस्तव त्याने 'त्याचं' दाबलं, तर राहिलं त्याचं स्वतःचंच! त्याला वाटलं, दादानेच परत ठेवलं. तो धावत आभार मानायला गेला, आणि आता तोंड मिटायची पाळी माझ्या नवऱ्याची आली. असं करत करत वाटणीचं नाव निघेनासं झालं. मी देवाचे आभार मानले.

आणि एके दिवशी पंचबाई पांढऱ्याफटक चेहऱ्याने स्वयंपाकघरात आल्या.

"वहिनी, बटणं उलटी लागलीत. बग आहे, म्हणजे प्रोग्राममधली चूक. माझी."

"उलटी म्हणजे?"

"आवृत्त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आपलं' आणि 'त्यांचं' असे दोन शब्द असतात. बदल कुठल्या बाजूने जोडतोय, त्यावर कोण आपलं ते ठरतं. मी बाजू बदलली आणि शब्द तसेच ठेवले."

"सासरी-माहेरी होतं तसं."

"हसू नकोस. मी आज दुरुस्त करणार आणि दोघांना सांगणार."

"खबरदार!" माझं डोकंच सणकलं. "त्या उलट्या बटणांवर माझं घर चाललंय, बाई!"

"मग ते घर नाही, बग आहे."

मी हात जोडले, ओरडले, जेवायला वाढणार नाही म्हणाले. ढिम्म. दोघा भावांना समोर बसवून तिने सगळं सांगून टाकलं.

नवरा लालबुंद. "म्हणजे माझी फळी तू ठेवलीच नव्हतीस?"

"नाही," दीर म्हणाला. "मी 'माझं' दाबलं होतं."

संपलं, मला वाटलं.

"पण त्यानंतर मी 'त्याचं'च दाबत होतो, दादा."

नवरा मान खाली घालून म्हणाला, "मीपण."

"मग सारखं माझंच कसं राहायचं?"

"बटणं उलटी होती ना, गाढवा!"

पंचबाई रडत होत्या. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. "मला वाटलं, खरं सांगितलं की तुम्ही वेगळे होणार."

"मग सांगितलंस कशाला?" मी चिडूनच विचारलं.

"तुम्ही माझ्या चुकीमुळे एकत्र आहात, हे मला सहन होत नव्हतं."

मला तिला मिठी मारावी की बदडावं तेच कळेना. शेवटी मिठी मारली.

तिने तिथेच बसून दुरुस्ती केली, दोन शब्दांची अदलाबदल. लगेच एका टेबलाचा आराखडा आला. नवऱ्याने त्याला पितळी मुठी लावल्या होत्या, दिराने त्या काढल्या होत्या. दीर सेव्ह करायला गेला आणि बटणं समोर आली. आता 'माझं' म्हणजे माझं आणि 'त्याचं' म्हणजे त्याचं. त्याचं बोट माऊसवर थांबलं. आम्ही सगळे मागे उभे.

त्याने 'त्याचं ठेवा' दाबलं. पडद्यावर पितळी मुठी आल्या आणि तिथेच राहिल्या.

नवऱ्याने वाकून त्या नीट पाहिल्या. मग दिराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जरा मोठ्याच झाल्यात का रे?"