साहेबाच्या बागेत न चालणारं खत

महाडजवळच्या एका कारखान्याच्या साहेबाने मला फसवलं. माझ्या हातून कापडे गावच्या गुरांना फसवलं, आणि त्यांचं दूध पिणाऱ्यांना.

मी गवताची पेंढी त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने हात लावला नाही. पट्टीने ढकलून खाली पाडली. शिपायाला म्हणाला, "टेबल पुसून घे." मग माझ्याकडे न बघता, "तूच मागून नेलंस ना? आणखी द्या, आणखी द्या म्हणत होतास."

खरं आहे. मागून नेलं.

डोक्यावर भारे वाहून मी हिरव्या चाऱ्याचा धंदा उभा केला. घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीही घेत नाही. कारखान्यातल्या सांडपाण्याचा वाळलेला गाळ दाखवून साहेब म्हणाला होता, "खत आहे, फुकट ने." फुकट म्हटल्यावर मी आणखी ताणलं. ट्रॅक्टर तुमचा, डिझेल तुमचं, शेतात पसरणार तुमची माणसं. तो आठ्या घालून बसला, शेवटी हो म्हणाला. मी ऐटीत घरी आलो. त्या आठ्या खोट्या होत्या. त्याची घाण उचलणारा त्याला सापडला होता, म्हणून तो मला जिंकू देत होता.

गवत कमरेच्या वर आलं. काळपट हिरवं. गाळात पोसणारं खत होतं, ते खोटं नव्हतं. सोबत काय होतं, ते सांगितलं नव्हतं.

मग कापड्याच्या काशीआत्याने बोलावलं. तिच्या म्हशीला वर्षभर माझंच गवत. म्हैस करकर दात खात उभी होती. चालायला लागली ती थेट गोठ्याच्या खांबावर. मागे सरली. पुन्हा त्याच खांबावर.

आत्या रडली नाही. म्हणाली, "तुज्या गवतानं आंधळी केलीन रे हिला. आता पान्यावर न्यायला रोज तूच ये."

गुरांच्या डॉक्टरांनी रक्त, गवत, माती तपासायला पाठवली. तिन्हीत शिसं निघालं. त्यांनी विचारलं, "दूध कुठे कुठे गेलं?"

मी गवत घेणारे गोठे मोजू लागलो; दुधाचा माग तिथून पुढे लागेना.

हे सगळं मी त्या टेबलासमोर उभा राहून साहेबाला सांगितलं. त्याने मोबाईल बघत ऐकलं. "बरं, बघू. गोठे फिरतोस ना, उद्या बंगल्यावर थोडं शेणखत टाकून जा. माळी कधीचा मागतोय."

मी म्हटलं, "तुमचंच खत घाला की बागेत. फुकट हाय."

टेबल पुसणारा शिपाई हसून बोलून गेला, "तिथं नाय चालत ते. साहेबांची पोरं खेळतात मातीत."

साहेबाने त्याच्याकडे पाहिलं. शिपाई फडकं घेऊन बाहेर गेला.

म्हणजे ठाऊक होतं. पहिल्या ट्रॉलीपासून ठाऊक होतं.

मी पेंढी उचलली आणि पुन्हा टेबलाच्या मधोमध ठेवली. आता त्याचा आवाज बदलला. "बसा ना. तुम्हाला काय हवं ते बोला."

आयुष्यात पहिल्यांदा मी भाव सांगितला नाही. बसलोही नाही.

आज ते गवत उभं आहे. मी कापत नाही, कुणाला कापू देत नाही. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल. पण पावसात शेतातलं पाणी ओढ्याला जातं, आणि ओढा सावित्री नदीला. ते मला अडवता येत नाही.

साहेब, तुम्ही पसरलेली माती तुम्हीच उचला. माणसं पाठवू नका, स्वतः या. आणि त्याआधी कापड्याला चला. काशीआत्याच्या गोठ्यात उभे राहा आणि तिला तोंडावर सांगा, स्वतःच्या पोरांपासून लांब ठेवलंत ते आमच्या गुरांना का चारलंत.