मामांच्या शेजारची जागा

कॅमेऱ्याशी इतकं इमान राखून नाचणारा माणूस जुन्नर-आंबेगावात दुसरा झाला नाही, आणि कॅमेरा नसताना इतका ढिम्म बसून राहणाराही झाला नाही. हे माझ्या आत्याचे यजमान, डिंगोऱ्याचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. आत्या फार लवकर गेली. मामा पाच-सहा मेंढरं आणि कांद्याचं वावर सांभाळत एकटेच राहायचे. माझं घोडेगावात लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान, त्यामुळे भावकीतल्या प्रत्येक वरातीत आमची गाठ ठरलेली.

वरातीत पोरं घामाघूम व्हायची तेव्हा मामा ओट्यावर सुपारी कातरत बसायचे. मी कॅमेरा खांद्यावर घेतला रे घेतला, की फेटा सारखा करून स्वारी हजर! कॅमेरा लांब असला की गिरकी. जवळ नेला, की पाय दिसत नाहीत हे ओळखून नुसत्या खांद्यांनी आणि भुवयांनी नाचायचे, हातातला रुमाल डोळ्यांपुढून हळूच फिरवायचे. कॅमेरा बंद, नाच बंद. मग ढोल फुटेस्तोवर वाजू दे. एकदा बोरीला माझी बॅटरी मध्येच संपली, तर केवढे भडकले! "आरं, अर्ध्यात सोडलंस व्हय मला?"

आणि एक खोड भारी. मधोमध म्हणून कधी उभे राहायचे नाहीत. चौकटीच्या पार कडेला, आणि शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी. तिथं कुणी शिरलं की कोपरानं बाहेर. मी ओरडायचो, "मामा, मधी या की राव!" तर म्हणायचे, "हितंच बरं हाय." शेवटी वैतागून मी एका लग्नाच्या कॅसेटमधून त्यांचा नाच सरळ कापला आणि त्या जागी गुलाबाची फुलं उमलवली.

आठ दिवसांनी मामा एसटीनं दुकानात. "सुरतंला गेली का कॅसेट?"

मी गारच पडलो. सुरतेला त्यांची एकुलती एक लेक. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हा मामांनी भावकीदेखत देवाचा भंडारा उचलून शपथ घेतली होती, की जन्मात तिच्याशी बोलणार नाही. मी तिला गुपचूप कॅसेटी धाडतो हे त्यांना केव्हाचं ठाऊक होतं!

"बोलणार न्हाई म्हणलो व्हतो," मामा म्हणाले. "नाचणार न्हाई म्हणलो व्हतो का? ल्हान व्हती तवा माझ्या शेजारी नाचायची. म्हणलं तिला दिसू दे, जागा अजून तशीच हाय. आन् तू फुलं घातलीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी कॅमेरा घेऊन त्यांच्या वावरात गेलो. लग्न नाही, ढोल नाही, नुसता वारा. मामा बांधावर, शेजारची जागा सोडून, चांगली पंधरा मिनिटं नाचले. मधूनच त्या मोकळ्या जागेकडं बघून हसायचे. ती कॅसेट मी एक सेकंदही न कापता सुरतेला पाठवली.

दोन महिन्यांनी तिकडून एक कॅसेट आली. चिठ्ठी नाही, काही नाही. कुठल्याशा चाळीची गच्ची, आणि पदर खोचून, रुमाल घेऊन नाचणारी त्यांची लेक. चौकटीच्या दुसऱ्या कडेला. शेजारी जागा मोकळी. मामांनी ती दुकानात पाहिली, उठले, टीव्हीला खेटून उभे राहिले आणि माझ्यासमोर पहिल्यांदा कॅमेरा नसताना नाचले. संपली की म्हणायचे, "परत लाव." माझं कौतुक नको, पण त्या दिवशी मी गिऱ्हाइकं परत पाठवली.

एवढं होऊनही भेट झाली नाही. भंडारा मोडायची मामांची छाती झाली नाही, आणि वडलांनी बोलावल्याशिवाय यायचं तिच्या मनाला पटलं नाही. दोघं सारखेच हट्टी! ती आली ती मामांच्या दहाव्याला.

तोवर माझ्या दुकानात कॉम्प्युटर आला होता. मी त्या दोन कॅसेटी त्यावर एकाच चौकटीत शेजारी-शेजारी जोडून ठेवल्या होत्या. जाताना ती दुकानात आली तेव्हा तिला दाखवल्या. एका कडेला कांद्याचा बांध, दुसऱ्या कडेला गच्ची. मामा नाचता नाचता शेजारी बघून हसले, आणि तिथं ती होती.

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "दादा, परत लाव."