दिसत नाही, तेच संशोधन

दोष आमच्या गाईडचा, म्हणजे सरांचा. आधीच सांगून टाकतो, नाहीतर किस्से ऐकून लोक ‘नशीब रे तुझं’ म्हणतात. नशीब कसलं, हे सगळं सरांमुळे! जळगावच्या त्या लॅबमध्ये धूळ आणि किस्से सारख्याच वेगाने साचायचे. धूळ निदान मी पुसायचो.

काम असं: तापलेल्या काचेवर झिंकचं द्रावण फवारायचं. थर इतका पातळ बसायला हवा की उजेड आरपार जाईल आणि वरून करंटही वाहील. सेन्सरला, सोलर सेलला असा थर लागतो. एक तरी धड जमला, तर माझी पीएच.डी. होणार होती.

*

खंडेनवमीला सरांनी फवारणीच्या यंत्राची पूजा केली. थेट नोझलवर हळद-कुंकू! दुसऱ्या दिवशी काचेवर लाल ठिपके. मी बोंबललो, तर म्हणाले, “ॲल्युमिनियम आपण मुद्दाम मिसळतोच ना? हेही मिसळलं समज!”

*

ग्राफमधले काही बिंदू रेषेबाहेर गेले.

“हे आपल्यातले नाहीत. काढ.”

“सर, मोजलेत मी.”

“मग कशाला मोजलेस?”

*

शेवटी एक काच जमली. आरपार स्वच्छ, तिरपी धरली तरच तेलासारखी झाक, मीटर टेकवला की करंट! लगेच दुसरी करायला घेतली आणि हीटर जळाला. नवा मागितला, तर सर म्हणाले, “एक जमली ना? हावरटपणा नको.”

*

मग संस्थेचे चेअरमन आबा लॅब बघायला आले. काच उजेडात धरून म्हणाले, “दिसत तर काहीच नाही!”

“तेच तर संशोधन आहे, आबा!”

संध्याकाळी आबांचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि फ्रेममध्ये बसवलेली माझी काच.

“सर, तिची मापं बाकी आहेत!”

“गप. मोठ्यांसमोर बोलतात का?”

*

आबांचं घर धुळ्याला, देवपुरात. पिशवीत मीटर घालून गेलो. आबा झोपलेले. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, फ्रेम आणून दिली. आत नातवाच्या जावळाचा फोटो, वर माझी काच.

अक्का खुशीत होत्या. “कितला तेलना डाग व्हता रे काचवर! पाणीघाई निंघेच ना. मंग लिंबू लाईसन घसी टाकी. आते दख, कशी चकचकीत शे!”

मी मीटर टेकवला. करंट नाही. दुसऱ्या टोकाला टेकवला. तिथेही नाही.

“चहा लेस ना, भाऊ?” अक्कांनी विचारलं.

पीएच.डी. गेली.