तळ्यापलीकडची घरं

पाटलाच्या ओसरीवर पानं मांडली होती. आमचा एम.ए. भूगोलाचा वर्ग हात धुऊन ओळीनं बसत होता. मीही चपला काढल्या. तेवढ्यात सर जवळ आले आणि हळूच, मराठीत म्हणाले, "तू मोजणीच्या साखळीपाशी थांब. सामान राखायला कुणीतरी हवं."

वर्गात मराठी कळणारे आम्ही दोघंच. सर आणि मी. बाकीच्यांना वाटलं, काही काम सांगितलं असेल. मी चपला परत घातल्या.

सर बेंगळुरातलेच, बसवनगुडीचे. घरात मराठी, त्यात निम्मं कानडी. मी निपाणीकडचा. बेंगळुरात नवा होतो तेव्हा माझं मराठी ऐकून त्यांनी खांद्यावर हात ठेवला होता. मग आडनाव विचारलं. हात निघाला, तो कायमचा.

बा विचारायचा, "भूगोल शिकून काय हुतं रं?" मी सांगायचो, नकाशे काढायला माणसं लागतात. बेंगळुरातलं राजाजीनगर तेव्हा नुकतं आखून उभं राहत होतं. मला तसं शहर आखायचं होतं. त्यासाठीच शिकत होतो.

शहराबाहेरच्या त्या खेड्याची मोजणी करून नकाशा काढायचा, ही आमची परीक्षाच होती. सकाळपासून उन्हात साखळी ओढलेली. पोटात आग. ओसरीवरून वाढपाचे आवाज येत होते. मी सामान तिथंच टाकलं आणि तळ्याच्या बांधावरून चालत सुटलो.

बांधापलीकडे केरी होती. म्हणजे आमच्याकडचा महारवाडा. कुणी सांगायला लागलं नाही. घरं बघूनच कळलं.

एक म्हातारी दारात बसली होती. "ऊटा आयता, मगा?" जेवलास का बाळा. मी नाही म्हटलं. तिनं नाचणीचा उकडलेला गोळा, मुद्दे, आणि सार पुढ्यात ठेवलं. मी खाल्लं. खाताना तिनं विचारलं, सकाळपासून गाव मोजताय, आमच्याकडं कधी येणार? मी म्हटलं, दुपारी.

दुपारी सरांनी बांधावरच साखळी गुंडाळायला सांगितली. मी म्हणालो, पलीकडची घरं राहिलीत.

"तिथं काय आहे? पडीक जमीन म्हणून दाखव."

"सर, मी तिथंच जेवलो."

सरांनी चष्मा पुसला आणि बसकडे चालू लागले.

रविवारी मी एकटा परत गेलो. साखळी कोण देणार? दोरी घेऊन गेलो. दोरीचं दुसरं टोक म्हातारीनं धरलं. मग सगळी केरी बाहेर आली. आमचं घर धर, आमचा गोठा धर, ही आमची विहीर. मी एकेक धरत गेलो.

वर्गात माझा हात सगळ्यांत साफ. म्हणून नकाशात शाई भरायचं काम माझ्याकडे होतं. मी केरी भरली. घरं, गोठे, विहीर.

सरांनी खोलीत बोलावलं. टेबलावर नकाशा, त्यावर ब्लेड. हे खरवडून टाक म्हणाले. नगर आखणीच्या कचेरीत तुझी शिफारस मीच करणार आहे, तुझ्या लोकांत अशी नोकरी कुणाला मिळालीय का, याचा विचार कर.

विचार केला. बा डोळ्यांसमोर आला. ब्लेड उचललंही. त्या म्हातारीच्या दारावर पातं आलं आणि हात पुढं जाईना.

"ती घरं आहेत सर. मी मोजलीत."

"मग शिफारस विसर."

"विसरलो," म्हणालो. ब्लेड खाली ठेवलं, नकाशा गुंडाळला आणि बाहेर पडलो.

सरांनी दुसऱ्याकडून नवा नकाशा करून घेतला. त्यात बांधापलीकडे पडीक जमीन आहे. मला तिसरा वर्ग मिळाला. बरोबरच्यांपैकी एक हवामान खात्यात गेला, एक कॉलेजात शिकवतो, दोघं त्याच आखणीच्या कचेरीत आहेत. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो.

त्या कचेरीत दरवर्षी अर्ज करतो. कामाचा नमुना मागतात. मी तोच नकाशा जोडतो. मुलाखतीत विचारतात, दुसरा काही नाही का? आहेत, पुष्कळ आहेत. दुसरा देणार नाही. घ्यायचं तर मला या घरांसकट घ्या. नाही घेतलं तर पुढच्या वर्षी पुन्हा येईन, हाच नकाशा घेऊन.