डॉक्टरांनी हळदीकुंकवाला नाही म्हटलं तेव्हा

“हृदय ठणठणीत आहे,” घाटकोपरचे डॉक्टर म्हणाले. “तुम्हाला आला तो पॅनिक अटॅक.” म्हणजे धोका काहीच नसताना शरीर गिरणीसारखा भोंगा वाजवतं. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता आपण मरणार असं वाटतं.

मला पहिला अटॅक भर वर्गात आला, सातवीच्या मुलींसमोर. त्यानंतर शाळेत पाऊल टाकवेना. मोठी रजा टाकली. नोकरी राहते की जाते, एवढाच प्रश्न होता.

मुलुंडला डॉ. साठ्ये म्हणून बाई होत्या. त्यांच्याकडे सायकोथेरपी सुरू झाली, म्हणजे बोलून उपचार. गोळ्या कमी, प्रश्न फार. पण गुण येत होता. शाळेच्या फाटकापर्यंत एकटी जाऊ लागले.

संक्रांतीला मी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. “पेशंटच्या घरी मी जात नाही,” एवढं म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. मला झोंबलं. पुढच्या आठवड्यात गेले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. घरी फोन नव्हता, त्यामुळे कळवायचीही कटकट नव्हती.

“अगं, इंजेक्शन दुखलं म्हणून कोणी डॉक्टरवर रुसतं का?” आमचे हे म्हणाले.

“रुसले नाहीये. कामं आहेत.”

“दिसतंय ना. तोच डबा तिसऱ्यांदा घासतेयस.”

मग एका सकाळी शाळेच्या फाटकाशीच छातीतला भोंगा पुन्हा वाजला. निमूट मुलुंड गाठलं आणि त्यांनाही कामांचंच कारण सांगितलं.

“माझं चुकलं,” डॉक्टर म्हणाल्या. “नाही म्हटलं, पण का ते सांगितलं नाही. तुमच्याकडे पाहुणी म्हणून आले, तर उद्या माझ्यावर चिडणं तुम्हाला जड जाईल. आता चिडलात ना?”

“छे.”

“थोड्याशा?”

“चांगलीच! आमच्या डॉक्टर येणार म्हणून शेजारणींना सांगून बसले होते. तोंडघशी पाडलंत मला!” बाहेरच्या बाकावरच्यांनीही ऐकलं असणार.

“झकास!” त्या हसल्या. “असं आणखी कोणाला ऐकवायचं राहिलंय?”

पहिलं नाव मुख्याध्यापिकांचं निघालं. रजेआधी वर्षभर त्या मला दोन तुकड्या एका वर्गात कोंबून शिकवायला लावत होत्या आणि मी हो म्हणत होते. रजा संपायच्या आदल्या दिवशी जाऊन सांगितलं, एकच तुकडी घेईन. छाती धडधडली, पण ती रागाने. फरक मला कळला. दुसऱ्या दिवशी वर्गावर गेले.

तुमचेही असे उपचार चालू असतील आणि डॉक्टरांचा राग आला, तर घरी बसू नका. जाऊन तोंडावर सांगा. डॉ. साठ्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. पुढेही आमची भांडणं झाली. खाडा मात्र मी एकदाही केला नाही.