सहा तास चाळीस मिनिटं

विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या त्या कचेरीत त्याला सगळे 'वेळापत्रक' म्हणत. आशियातले कुठलेही दोन विमानतळ सांगा. अंतर किती, विमान कुठं बदलायचं, मध्ये किती ताटकळायचं, सगळं तोंडपाठ. स्वतः मात्र एकदाही विमानात चढलेला नव्हता. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. तिला भरवणं, कूस बदलणं, भांडं काढणं, अकरा वर्षं हेच चाललं होतं. आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझी छकुली म्हणजे लाखात एक!" छकुली म्हणजे त्याची धाकटी बहीण. पावणेपाच हजार किलोमीटरवर तिचा संसार.

डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा त्यानं बहिणीला फोन केला.

"दादा, तीन विमानं बदलावी लागतात रे. दोन दिवस मोडतात. बघते कसं जमतंय."

त्यानं फोन ठेवला. वर्षभरापासून तिच्या शहरातून इथं रोज सकाळी थेट विमान सुटत होतं, आणि त्याची तिकिटं तो स्वतःच्या हातानं काढून देत होता.

"निघाली का रे?" आईनं विचारलं.

"निघाली."

आईनं केस विंचरून घेतले, चादर बदलायला लावली. दोन दिवसांनी त्यानं पाण्याचा चमचा ओठांशी नेला, तर तिनं मान फिरवली. "तिच्याच हातनं घेईन. तुझा हात म्हणजे नुसतं लाकूड. माया कशी ती नाहीच तुला."

त्यानं चमचा खाली ठेवला. इतक्या वर्षांत चढला नव्हता एवढा त्याचा आवाज चढला. "सहा तास चाळीस मिनिटं लागतात, आई! मनात असतं तर काल दुपारी जेवायला इथं असती. निघालेलीच नाही ती!"

आई त्याच्याकडे बघत राहिली. "खोटारडा," ती म्हणाली. "लहानपणापासून पाण्यात पाहतोस तिला."

मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. "छकुली, छकुली" एवढंच पुटपुटत दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

बहीण चोवीस तासांच्या आत हजर झाली. दारातच तिनं हंबरडा फोडला. शेजारीण तिला पोटाशी धरून म्हणाली, "एवढ्या लांबून धावत आली हो पोर!" आणि त्याच्याकडे वळून, "वेळेवर कळवायचं तरी होतंस. आई परवा रडत होती माझ्यापाशी, मुलानं लेकीला येऊ दिलं नाही म्हणून."

त्यानं बहिणीकडे पाहिलं. तिनं शेजारणीच्या खांद्यात तोंड लपवलं.

सगळं उरकल्यावर दोघंच स्वयंपाकघरात उरली. डोळे पुसत तिनं विचारलं, "दादा, शेवटी माझं नाव घेतलं का रे आईनं?"

त्यानं तिच्याकडे नीट बघितलं.

"नाही. एकदाही नाही."

ती मटकन खाली बसली. आता आवाज फुटत नव्हता, नुसतं अंग गदगदत होतं. त्यानं तिला रडू दिलं आणि चहाचं आधण ठेवलं.